गुठळीचं औषध कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं?

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या आठवड्यात घोडबंदर रोडपासून तीन हात नाक्यापर्यंत आणि पलीकडे वाशी-नेरुळमध्ये रुग्णालयांचे फलक लागतात. चेहरा वाकडा झाला, हात उचलला जाईना, जीभ जड झाली, की घड्याळ बघा आणि ताबडतोब या. सल्ला चोख आहे, आणि लोकही पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागलेत. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसणं, कोणीतरी कबुतराचं रक्त लावायला सुचवणं, हे प्रकार संपले नसले तरी शहरात कमी झालेत. पण रुग्ण दारात पोचल्यावर पुढे काय होतं, ते कुठल्याच फलकावर नसतं. माझ्या मते आपल्या ठाणे जिल्ह्यातला खरा घोळ तिथून पुढे सुरू होतो.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या फार्मसीत काम करतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. मला रुग्ण क्वचितच दिसतो. दिसतात ते चिठ्ठी घेऊन आलेले त्याचे नातेवाईक, फ्रिजमधल्या कुप्या आणि त्यांच्यावरच्या एक्सपायरीच्या तारखा. त्या खिडकीमागून जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. जिल्ह्यात जिथे जिथे रात्रंदिवस सीटी स्कॅन चालतो आणि फिजिशियन हजर असतो, तिथे तिथे पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सरकारी पैशाने ठेवलेलं असावं. मग ते रुग्णालय सरकारी असो, पालिकेचं असो की खाजगी. इंजेक्शन देताना पैशाचा विषयच निघू नये. हिशेब दुसऱ्या दिवशी.

या औषधाबद्दल दोन टोकांचे गैरसमज ऐकू येतात. एक, हे संजीवनी आहे. दुसरा, हे फार धोक्याचं आहे, नको त्या फंदात पडायला. म्हणून ते करतं काय, हे आधी बघू.

रक्ताची गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या पेशी. हे धागे तोडायची सोय शरीरातच असते. प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात नुसतंच फिरत असतं. त्याला चालना मिळाली की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते फायब्रिन तोडायला लागतं. अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज, युरोकायनेज, स्ट्रेप्टोकायनेज ही सगळी ती चालना देणारी औषधं. अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन यांचं काम वेगळं: नवी गुठळी होऊ न देणं, असलेली वाढू न देणं. झालेली गुठळी ती विरघळवत नाहीत. चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरातली माणसंही खिडकीशी येऊन सांगतात, ‘आम्ही लगेच डिस्प्रिन दिली हो.’ डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. मेंदूचा झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी काढल्याशिवाय कोणालाच कळत नाही, आणि रक्तस्रावाचा असेल तर ती गोळी दुखणं वाढवते. छातीत दुखल्यावरचा सल्ला डोक्याला लावून चालत नाही.

स्ट्रेप्टोकायनेजचा धागा १९३३ पर्यंत मागे जातो. विल्यम टिलेट या अमेरिकन संशोधकाला तेव्हा दिसलं की स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या अर्कात गुठळी विरघळते. पुढे हृदयविकाराच्या झटक्यात त्याने असंख्य जीव वाचवले. स्वस्त असल्यामुळे आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांनाही ते परवडलं. मग मेंदूसाठी हेच स्वस्त औषध का नाही वापरत, असा प्रश्न मला लोक विचारतात. वापरून पाहिलं होतं. १९९० च्या दशकात त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू वाढल्यामुळे त्या मधेच थांबवाव्या लागल्या. मेंदूसाठी चाललं ते अल्टेप्लेज. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले आणि १९९६ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. मुदत तीन तासांची होती. २००८ मधल्या युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत गेली.

धोका किती, हेही त्याच १९९५ च्या चाचणीत आहे. औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ०.६ टक्के. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही, नातेवाईकांना तो सांगितलाच पाहिजे. फायद्याचा आकडाही त्याच्या शेजारीच मांडायला हवा. नंतर अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की तीन तासांच्या आत औषध दिलं तर शंभरातले सुमारे दहा रुग्ण जास्तीचे असे निघतात, जे जवळजवळ पहिल्यासारखे हिंडू-फिरू लागतात. तीन ते साडेचार तासांच्या मधे दिलं तर पाच. रक्तस्रावाचा तोटा वजा जाऊनच हे आकडे येतात. म्हणजे औषध तेच, माणूस तोच, दीड तास इकडेतिकडे गेला की फायदा निम्मा. साडेचार तासांची मुदत ही आरामात पोचायची वेळ आहे असं जे समजतात, त्यांनी हे दहा आणि पाच लक्षात ठेवावेत.

घड्याळ कधी सुरू होतं, यावरही घरात गोंधळ असतो. ‘सकाळी सहाला उठले तेव्हा हात हलेना’ असं सांगितलं तर डॉक्टर सहापासून मोजत नाहीत. रात्री शेवटचं धड कधी पाहिलं, तिथपासून मोजतात. झोपेत आलेल्या झटक्यात एमआरआय करून काही निवडक रुग्णांना औषध देता येतं, पण ती सोय रात्री-अपरात्री सगळीकडे कुठून असणार.

आता आपल्याकडे वेळ कुठे जातो ते. सगळा दोष ट्रॅफिकवर टाकायची आपली रीत आहे. कापूरबावडीला, माजिवड्याला, गायमुखच्या घाटात गाड्या अडकतात हे खरंच आहे. पण मला दिसणारी बहुतेक प्रकरणं अंतरामुळे बिघडलेली नसतात. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, तिथे सीटी नाही. तिथे सलाईन लावलं, बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी दिली आणि ‘पुढे न्या’ म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी सीटी झाला. गुठळीचा झटका आहे असं कळलं, वेळही हातात होती, पण इंजेक्शन ठेवत नाहीत, आणि न्यूरो, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, बाहेरून येतात. पुन्हा ‘पुढे न्या’. तिसऱ्या ठिकाणी सगळं आहे. तिथे आधीचा सीटी चालत नाही म्हणून परत सीटी, आणि डिपॉझिट. ही तिन्ही ठिकाणं कधी कधी दोन-तीन किलोमीटरच्या आत असतात. रस्ता मोकळा असूनही दोन तास जातात.

डिपॉझिटच्या वेळचं दृश्य मला तोंडपाठ आहे. काउंटरवर एक मुलगा, पायात घरातल्याच सपाता. एका हातात वडिलांचं रेशन कार्ड आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या कानाला फोन. आतून मला चिठ्ठी आलेली असते: वजन इतकं, मात्रा इतकी, तातडीने. कुपी माझ्या हाताशी असते. ती एकच कुपी कित्येक हजार रुपयांची, आणि बिलिंगमधून ‘क्लिअर’ आल्याशिवाय मी ती खिडकीबाहेर सरकवायची नाही, असा नियम. नियम करणाऱ्यालाही मी दोष देत नाही. महिन्याला दोन कुप्या बुडाल्या तर विचारणा फार्मसीला होते. मुलगा फोनवर विचारत असतो, ‘दादा, तुझं कार्ड चालेल का? काका काय म्हणतात?’ काका पाटणला. त्यांना फोन लागत नाही. आत डॉक्टर संमतिपत्र घेऊन उभे. सही करायला घरचं कोणीतरी मोठं हवं असतं. ‘शंभरात सहा जणांना रक्तस्राव’ हे वाक्य ऐकून काकूंनी मान फिरवलेली असते. या अर्ध्या तासात कोणीही वाईट वागलेलं नसतं. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी वेळ जातो. गुठळीच्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. तो आकडा फलकांवरही असतो. तो बिलिंगच्या काउंटरमागे लावला पाहिजे.

दुसऱ्या रुग्णालयात इंजेक्शन का नव्हतं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांपेक्षा फार्मासिस्टला जास्त माहीत असतं. तीस-चाळीस खाटांचं रुग्णालय घ्या. पक्षाघाताचा, वेळेत आलेला, औषधाला पात्र असा रुग्ण त्यांच्याकडे महिन्यातून एखादा येईल, कधी तेवढाही नाही. एवढ्या किमतीच्या दोन कुप्या सतत ठेवायच्या म्हणजे पैसा अडकला. वापरल्या नाहीत तर एक्सपायर होतात, आणि डिस्ट्रिब्युटर असं महागडं इंजेक्शन परत घ्यायला नाखूष असतो. मालक डॉक्टर हिशेब करतो आणि म्हणतो, नको ठेवूया, पाठवूया पुढे. धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. म्हणून नैतिकतेची व्याख्यानं झोडून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचा तोटा कोणीतरी उचलायला हवा.

तोटा उचलायची पद्धतही काही अवघड नाही. टेनेक्टेप्लेज हेच औषध वेगळ्या मात्रेत हृदयविकाराच्या झटक्यालाही देतात, आणि तो रुग्ण लहान आयसीयूतही वरचेवर येतो. जिल्ह्याने एकत्र खरेदी करावी. प्रत्येक सीटीवाल्या रुग्णालयात दोन कुप्या ठेवाव्यात. एक्सपायरीला चार महिने राहिले की त्या कुप्या उचलून जिथे खप मोठा आहे तिथे, म्हणजे कळव्याच्या पालिका रुग्णालयासारख्या किंवा एखाद्या मोठ्या हृदयरोग विभागात, न्याव्यात आणि लहान रुग्णालयाला ताज्या द्याव्यात. कुपी वाया जाणार नाही. वापरली गेली तर रिकामी कुपी, सीटीचा रिपोर्ट आणि सुई दिल्याची वेळ एवढं दाखवून नवी घ्यावी. खाजगी रुग्णालयाला फुकट औषध दिलं तर ते विकतील, ही शंका रास्त आहे; रिकामी कुपी आणि सीटी मागितला की ती बऱ्यापैकी मिटते. एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याची म्हणून आग्रहाने सांगतो. मेंदूची मात्रा हृदयाच्या मात्रेच्या निम्म्याहून जास्त नसते. मेंदूच्या आणि हृदयाच्या कुप्या वेगळ्या खोक्यात, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने ठेवाव्यात, आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव पूर्ण लिहावं. ‘टीपीए’ (अल्टेप्लेज), ‘टीएनके’ (टेनेक्टेप्लेज) अशा आद्याक्षरांनी एकाच्या जागी दुसरं गेल्याचे प्रकार परदेशांत नोंदले गेलेत.

यात हाताला येण्याजोगी एक जमेची बाजू आहे. अल्टेप्लेज रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून दहावा भाग आधी देऊन उरलेलं तासभर पंपाने सोडावं लागतं. टेनेक्टेप्लेज त्याचंच सुधारलेलं रूप, जास्त वेळ टिकतं, एका सुईत काम होतं. पंप नको, तासभर हलवायचं नाही अशी अट नको. २०२२ मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ते अल्टेप्लेजच्या तोडीचं ठरलं. अमेरिकेने त्याला पक्षाघातासाठी मान्यता दिली ती थेट २०२५ मध्ये. आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, आणि बनतं कुठे, तर पुण्यात, जेनोव्हाच्या कारखान्यात. केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांची नवी यादी काढली, तिच्यातून अल्टेप्लेज वगळलं आणि टेनेक्टेप्लेज घातलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अल्टेप्लेज आपल्या यादीत घेतलं होतं, त्यामुळे काहींनी नाकं मुरडली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. देशात बनणारं, एका सुईत देता येणारं औषध यादीत आलं, म्हणजे त्याच्या किमतीवर सरकारचा हातही आला. एक्सप्रेसवेने दोन-अडीच तासांवर तयार होणारं औषध शहापूरला रात्री मिळत नसेल, तर त्याला परदेशी कंपन्यांचं कारस्थान म्हणता येणार नाही.

यावर माझ्याच रुग्णालयातले न्यूरो सर हरकत घेतात, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ते म्हणतात, औषध देणं सोपं आहे, कोणाला द्यायचं नाही हे ओळखणं अवघड. साखर उतरली तरी अर्धांगासारखं दिसतं. फिट येऊन गेल्यावरही हात लुळा पडतो. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय देता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, तीन महिन्यांत डोक्याला मार बसलाय का, हे सगळं विचारावं लागतं. दिल्यावर चोवीस तास डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. गल्लोगल्ली हे सुरू झालं तर रक्तस्राव वाढतील आणि औषधच बदनाम होईल.

म्हणून तर मी सीटी आणि फिजिशियन ही अट घातली. गल्लोगल्लीचा दवाखाना माझ्या हिशेबात नाहीच. न्यूरोलॉजिस्ट समोर असलाच पाहिजे हा आग्रह मात्र सोडावा लागेल, कारण तो दुसऱ्या राज्यांनी सोडलाय आणि काम चालवून दाखवलंय. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनना तयार केलं. सीटीचे फोटो स्मार्टफोनवरून शिमल्याच्या आणि टांड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या न्यूरोलॉजिस्टना जायचे, ते फोनवर हो-नाही सांगायचे, आणि औषध सरकार फुकट पुरवायचं. डोंगराळ मुलूख, बर्फ, वळणांचे रस्ते. केरळने ‘शिरस’ नावाचा कार्यक्रम काढून जिल्हा रुग्णालयांतच पक्षाघात कक्ष उभे केले. ठाणे-नवी मुंबईत न्यूरोलॉजिस्टची वानवा हिमाचलइतकी नक्कीच नाही. दहा-बारा जणांनी पाळ्या लावून घेतल्या तर रात्रीचा फोन उचलायला माणूस मिळेल. त्या फोनचं मानधन मात्र द्यावं. फुकटात सेवा करा म्हणून सुरू केलेल्या योजना दुसऱ्या वर्षी कशा धापा टाकतात, ते आपण पाहिलंय.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नुसत्या इंजेक्शनने बऱ्याचदा भागत नाही, जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढावी लागते. २०१५ मधल्या चाचण्यांनी त्याचा फायदा सिद्ध केला आणि निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत करता येतं. ते मोठ्या केंद्रातच व्हावं. पण तिथे पोचेपर्यंत हात बांधून कशाला बसायचं? सुई इथे द्या आणि मग पाठवा. एका सुईचं औषध आल्यापासून हे सोपं झालंय.

डॉक्टरांच्या भीतीला आणखी एक पदर आहे, तो परिषदांमध्ये कमी बोलला जातो. औषध न देता रुग्ण अपंग झाला तर नातेवाईक म्हणतात, नशीब. औषध देऊन रक्तस्राव झाला तर म्हणतात, डॉक्टरने मारला, आणि मग काचा फुटतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे. पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा नसतो. जिल्ह्याची एकच ठरलेली पद्धत, एकच छापील मराठी संमतिपत्र, फोनवरच्या तज्ज्ञाचा नोंदलेला होकार, एवढं असलं तर ड्यूटीवरच्या पोराला, हो, बहुतेकदा पोरगेलेसाच असतो तो, सही घ्यायला धीर येईल. संमतिपत्रात सहाच्या शेजारी दहाही छापावा. नुसता धोका वाचून कोण सही करेल?

याच कुटुंबातल्या औषधांचं एक धाकटं काम आहे. त्याच्याबद्दल कोणी फलक लावत नाही. डायलिसिसवर असलेल्या ज्या रुग्णांचा हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर, अजून तयार नाही किंवा बंद पडलाय, त्यांच्या मानेतल्या शिरेत कॅथेटर (नळी) असतो. त्याच्या टोकाशी गुठळी धरली की मशीनला रक्त मिळत नाही, अलार्म वाजत राहतो आणि टेक्निशियन म्हणतो, ‘फ्लो येत नाहीये.’ कॅथेटर कुठे मुडपलाय का ते बघतात, सलाईनने हळू धुवून पाहतात. जोर लावायचा नसतो. तरी जमलं नाही तर गुठळी विरघळवणारं औषध थोडंसं, नळी भरेल इतकंच, आत सोडून ठेवतात आणि काही वेळाने ओढून घेतात. बाहेरदेशी हे काम पूर्वी युरोकायनेज करायचं. ते मानवी पेशींपासून बनवण्याच्या पद्धतीत संसर्गाची भीती निघाली म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेने इशारा दिला, आणि २००१ पासून तिथे अल्टेप्लेजची खास दोन मिलिग्रॅमची कुपी आली: अर्धा तास थांबा, नाहीतर दोन तास, नाही जमलं तर आणखी एकदा. मेंदूसाठी याच औषधाची कमाल मात्रा ९० मिलिग्रॅम, त्यावरून अंदाज यावा. काही ठिकाणी मोठ्या कुपीचे छोटे भाग करून गोठवून ठेवतात, म्हणजे नासाडी नको. आपल्याकडे अजून बहुतेक युरोकायनेजच चालतं.

हे इथे मांडायचं कारण, हिशेबाची तीच तऱ्हा इथेही दिसते. डायलिसिस सरकारी योजनेत मोफत, आणि अडकलेला कॅथेटर मोकळा करायची कुपी मात्र ‘बाहेरून आणा’. ऐरोलीहून, दिव्याहून रिक्षाने आलेला माणूस चार तासांच्या डायलिसिससाठी खुर्चीत बसलेला असतो आणि त्याची बायको चिठ्ठी घेऊन दुकानं फिरते. कुपी मिळाली नाही की डायलिसिस बुडतं, किंवा कॅथेटर काढून नवा घालतात. त्याचा खर्च कुपीपेक्षा कितीतरी जास्त, संसर्गाचा धोका वेगळा, आणि शरीरातल्या मोजक्या शिरांपैकी एक कायमची खराब होऊ शकते. सरकार मोठ्या वस्तूचे पैसे देतं आणि छोट्यासाठी अडतं. जिल्ह्याच्या एकत्र साठ्यात युरोकायनेजही असायला हवं, डायलिसिसच्या खुर्चीच्या हिशेबाने. गुठळीची औषधं एका छताखाली आणली तर त्यांचा माग ठेवणंही सोपं.

एक छत कुठलं, हा मात्र ठाणे जिल्ह्यात कळीचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर. सहा आरोग्य विभाग, सहा टेंडरं. त्याशिवाय सिव्हिल सर्जनचं खातं आणि जिल्हा परिषद. विटावा ओलांडला की औषधाचा साठा वेगळ्या वहीत जातो. विटाव्याचा माणूस ठाणे पालिकेचा, शेजारच्या दिघ्याचा नवी मुंबईचा. गुठळीला हद्द कळत नाही, स्टोअरकीपरला कळते. औषध खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलंय. त्याच्यामार्फत जिल्ह्याचा एकच साठा घेणं कायद्यात बसायला हरकत नसावी. आडवी येईल ती आपापली टेंडरं सोडण्याची नाखुशी. त्या टेंडरांवर कोणाकोणाचं काय काय चालतं, ते मी इथे लिहीत नाही.

शहापूर-मुरबाडचं काय? शहरातल्यांनी या चर्चेत त्यांना विसरायची सवय लावून घेतलीय. शहापूरहून ठाणं पन्नासेक किलोमीटर. नाशिक हायवेवर भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर माणकोलीपर्यंत उभे असतात तेव्हा त्या पन्नासाचे तास होतात. तिथल्या रुग्णाला ‘लवकर या’ हा फलक दाखवणं म्हणजे चेष्टा. त्याच्यासाठी सीटी आणि कुपी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातच हवी आणि न्यूरो फोनवर. माझ्या योजनेत पहिल्या दोन कुप्या कुठे जाव्यात असं कोणी विचारलं तर मी शहापूरचं नाव सांगेन, वाशीचं नाही. वाशीत कोणी ना कोणी देईलच.

राहिली १०८. जानेवारी २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे, गाडीत डॉक्टर असतो, लोकांचा तिच्यावर भरवसा बसलाय. पण गाडी जवळच्या रुग्णालयात न्यायची असा साधा नियम पाळला तर ती पहिल्या ‘पुढे न्या’पाशी जाऊन थांबते. गाडीतल्या डॉक्टरच्या फोनवर रोज संध्याकाळी एक यादी यावी: आज रात्री सीटी चालू कुठे, कुपी कुठे, फिजिशियन कुठे. सीटीचं मशीन बंद असेल तर रुग्णालयाने ते कळवणं सक्तीचं करावं. निघतानाच गाडीने पुढे फोन करावा आणि शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ सांगावी. नातेवाइकाची सही स्ट्रेचर आत जाताना घ्यावी.

आणि एक वही. प्रत्येक सीटीवाल्या रुग्णालयात, पाच रकान्यांची: झटका किती वाजता, दारात किती वाजता, सीटी किती वाजता, सुई किती वाजता, दिली नाही तर का नाही, एका ओळीत. दारापासून सुईपर्यंत एक तास ही जगभर मानलेली मर्यादा आहे. ही वही दर महिन्याला पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावी, रुग्णाचं नाव न घालता, रुग्णालयाचं नाव घालून. पाण्याचं बिल भरायला लोक तिथे जातातच. पहिल्या वर्षी ‘का नाही’च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘औषध उपलब्ध नाही’ आणि ‘नातेवाईक पैशाच्या सोयीला गेले’ हेच येईल, असा माझा अंदाज आहे. खाजगी रुग्णालयं आधी कुरकुर करतील, न्यायालयातही जातील कदाचित. फुकट कुपी हवी असेल तर वही उघडी ठेवायची, एवढी एकच अट त्यांना घालावी.